गाभ्याचं पाणी

समेळांच्या तिन्ही मुलांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि त्यांच्या आईच्या, मंदाकिनीच्या, काळजात धस्स झालं.

एकमत होणं हे या घराच्या रक्तातच नव्हतं. मुकुल एक म्हणाला की अक्षदाने बरोबर त्याच्या उलट म्हणायचं, आणि दोघांचं वाजलं की नीलने मधे पडून, वडील, म्हणजे भाऊ, आणि आई राहतात कुणाकडे, याची त्या दोघांना जाणीव करून द्यायची, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. साधी आईसाठी शाल घ्यायची तरी तीन शाली यायच्या. आणि आज खंडेनवमीच्या भर दुपारी, वागळे इस्टेटमधल्या स्वतःच्या बर्फाच्या कारखान्यात, झेंडूच्या हारांनी मढवलेल्या कॉम्प्रेसरसमोर ही तिन्ही पोरं बापाच्या बाजूने उभी होती. बापाचं म्हणणं होतं की परवाची सुई घ्यायची नाही.

सकाळ छान गेली होती. खंडेनवमीला सगळ्या समेळांनी कारखान्यात जमायचं, ही पद्धत भाऊंनीच पाडलेली. पूजेपुरता कॉम्प्रेसर बंद ठेवायचा, पाटावर पाने-पकडी, हातोडे आणि लाद्या ओढायचे आकडे मांडायचे, भाऊंनी स्वतः हळदकुंकू वाहायचं, कामगारांना मिठाईचे पुडे देऊन सुट्टी द्यायची आणि मग एरवी जिथून लाद्या टेम्पोत चढतात त्या ओट्यावर सतरंजी टाकून घरच्यांनी जेवायचं. पुरणपोळी घरची, वालाचं बिरडं अक्षदाने डोंबिवलीहून डब्यातून आणलेलं. भाऊंनी पुरणपोळी मागून घेतली तेव्हा मुलांनी एकमेकांकडे समाधानाने पाहिलं. महिनाभरात ते पहिल्यांदाच काहीतरी मागून खात होते.

महिन्यापूर्वी त्यांचं पोट दुखलं ते पित्ताशयातल्या खड्याने, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. सोनोग्राफीत खडा काही निघाला नाही. निघाली ती यकृतातली सुपारीएवढी गाठ, पित्ताशयाला अगदी खेटून. पुढच्या तपासण्या झाल्या, आणि ती गाठ अंगात ठेवण्यासारखी नाही हे पक्कं झालं.

तिथून घराचे दोन तट पडले. मुकुलचं मत, पोट उघडून गाठ कापून काढावी, म्हणजे प्रश्न मिटला. तो मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि कुठलाही प्रश्न एका बैठकीत मिटावा असं त्याला वाटतं. अक्षदा म्हणाली, भाऊंची बायपास झाली आहे, एवढं मोठं ऑपरेशन त्यांना झेपणार नाही. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनीच पोट उघडायला नकार दिला आणि अक्षदा जिंकली. ठाण्याच्याच एका हॉस्पिटलात डॉक्टर रुचिता भोईर नावाची बाई होती. ती न कापता, सीटी स्कॅनमध्ये बघत बघत कातडीतून एक सुई गाठीपर्यंत नेणार होती. सुईत दाबाखालचा गॅस सोडला की तिचं टोक भयंकर थंड होतं आणि गाठ गोठून मरते. भाजून मारायचीही पद्धत आहे, पण पित्ताशय इतकं जवळ असताना तिला तो धोका नको होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायचं ठरलं. बर्फवाल्याची गाठ बर्फानेच जाणार म्हणून नील महिन्यात पहिल्यांदा हसला होता.

जेवण झालं, हात धुतले गेले, आणि पानाला चुना लावता लावता भाऊंनी जाहीर केलं की त्यांचा विचार बदलला आहे.

"नील," ते म्हणाले, "लादी कशी गोठते?"

नीलने शाळेत उभं राहून उत्तर द्यावं तसं दिलं. "बाहेरून आत."

"आणि शेवटी मधे काय उरतं?"

"गाभ्याचं पाणी."

हे समेळांच्या पोराला पाळण्यातच कळतं. पत्र्याचे उंच डबे पाण्याने भरून मिठाच्या गार पाण्यात सोडले की बर्फ डब्याच्या कडेने धरायला लागतो आणि आत आत सरकतो. पाण्यातला सगळा क्षार, सगळा मळ तो पुढे ढकलत नेतो. शेवटी लादीच्या मधोमध जे पाणी उरतं ते गढूळ, खारट, आणि गोठायला सगळ्यात हट्टी. ते नळीने उपसून टाकायचं आणि तिथे स्वच्छ पाणी भरायचं. नाहीतर लादी मधे पांढरीफटक राहते, आणि मासळीवाल्या बायका ती भाऊंच्या नावाने बोटं मोडत परत पाठवतात.

"मग माझ्या गाठीचा गाभा कोण उपसणार?" भाऊ म्हणाले. "वरवर गोठेल, मधलं जिवंत राहील. आणि जो मळ आत जमा होईल तोच पुढे पसरेल. वर ती बाई म्हणते, एकदा गोठवणार, मग वितळू देणार, मग परत गोठवणार. वितळलेली लादी परत गोठवून विकायची, हे पाप मी आयुष्यात केलं नाही. ते मी माझ्या पोटात करून घेऊ?"

तिघांनाही ते पटलं. 

मुकुलला तर आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटलं. लहानपणी सुट्टीत तो इथेच असायचा. गाभ्याची नळी तोंडाने ओढताना एकदा ते पाणी घशात गेलं होतं आणि दोन दिवस जिभेची चव गेली होती. इंटरनेटवर त्याने या उपचाराबद्दल पानंच्या पानं वाचली होती, पण त्यातलं एकही वाक्य त्या चवीपुढे टिकेना. शिवाय आपण पहिल्यापासून सुईच्या विरोधात होतो, हेही त्याला मनातून जरा बरं वाटलं.

अक्षदाची पंचाईत जास्त होती. सुईसाठी तीच भांडली होती. पण बर्फाच्या बाबतीत भाऊ चुकलेले तिने कधी पाहिले नव्हते. उन्हाळ्यात वीज जायची तेव्हा टाकीत नुसता हात बुडवून ते सांगायचे, अजून इतका वेळ निभेल, आणि निभायचं. तिने डोळे पुसले आणि भाऊंच्या शेजारी जाऊन बसली. "माझंच चुकलं बहुतेक," ती म्हणाली. मुकुलने या वाक्याची आयुष्यभर वाट पाहिली होती, पण आज त्याला त्यात काही मजा वाटली नाही.

नील तर रोज त्याच टाकीवर उभा राहणारा. त्याने मान हलवली आणि पुढे काय, कुठे, दुसरं मत कुणाचं घ्यायचं, असं मुकुलला विचारलं. मुकुलनेही न चिडता उत्तर दिलं. बंगळूरला कुणीतरी आहेत, तोवर थांबू, महिना-दीड महिना इकडेतिकडे. तिघंही डोकी जुळवून बोलत होती. बाहेरच्या माणसाने पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय गुणाची भावंडं.

मंदाकिनी पाइपाखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे बघत होती. कारखान्याच्या पाटीवर नाव तिचं, पण बर्फाशी तिचं कधी जमलं नाही. अमोनियाच्या वासाने तिचं डोकं उठतं, गार पाण्याने टॉन्सिल्स येतात. खडवलीला नदीकाठी वाढलेली मास्तरांची मुलगी ती, तिला वाहतं पाणी कळतं. वर्षातून एकदा ती इथे यायची आणि वास कमी असतो म्हणून दरवर्षी याच कोपऱ्यात बसायची. डॉक्टरबाईंनी उशीर करू नका म्हणून दोनदा बजावलं होतं, ते तिने नीट ऐकलं होतं. आणि ही मंडळी महिना-दीड महिना थांबायचं म्हणत होती.

"डॉक्टरांना विचारलंत का हे?" ती म्हणाली.

भाऊंनी पान गालात सरकवलं. "बर्फाचं मी डॉक्टरांना विचारू?"

 वरून टपकन थेंब पडला म्हणून तिने खुर्ची सरकवली आणि डोक्यावरच्या पाइपाकडे पाहिलं. कॉम्प्रेसरकडे परत जाणारा तो लोखंडी पाइप, एरवी त्यावर भोपळ्यासारखा जाडजूड पांढरा बर्फ चढलेला असायचा. पूजेसाठी यंत्र बंद, म्हणून तो पाझरायला लागला होता. आणखी थेंब नकोत म्हणून तिने उठून छत्रीच्या टोकाने बर्फाचा एक पोपडा पाडला. आत काळं लोखंड दिसलं. ती तिथेच, छत्री वर धरून, बराच वेळ उभी राहिली.

मग ती पदर सारखा करत म्हणाली, "मी रुचिताताईंना प्रसादाला बोलावलंय. शीळफाट्याला अडकल्यात म्हणून मघाशी फोन होता. येतीलच."

चौघंही तिच्याकडे बघत राहिले. कुणाला न विचारता कुणाला बोलावणं, हे मंदाकिनीने आजवर केलं नव्हतं. भाऊंचा चेहरा पडला. घरी आलेल्या पाहुण्याला, त्यातून खंडेनवमीच्या पाहुण्याला, वाईट बोलायचं नाही हे त्यांचंच पथ्य. ते तोंड धुवून आले आणि टोपी घालून बसले.

डॉक्टर रुचिता आली ती वाहतुकीला शिव्या घालतच. कल्याणला माहेरी गेली होती, येताना तासभर एका कंटेनरच्या मागे काढला होता. दारातून आत पाऊल टाकताच ती शिव्या विसरली. तिची आत्या मासळी विकायची. लहानपणी पाटीतला बर्फ चोखून तिने आत्याच्या हातचा मार खाल्ला होता, पण तो येतो कुठून हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला सगळं बघायचं होतं. एवढं कुणी म्हटल्यावर भाऊ थोडेच थांबणार. सुईचा विषय न काढता त्यांनी तिला टाकी दाखवली, लाकडी झाकणं उघडून डबे दाखवले, लादी डब्यातून कशी सोडवतात ते हातवारे करून सांगितलं. नीलने तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू केला आणि सगळी शेड घरघरायला लागली.

गाभ्याचं पाणीही दाखवून झालं. ते दाखवताना भाऊंचा आवाज जरा खाली गेला. आता ते सांगणार, आणि डॉक्टरांशी वाद होणार, आणि पाहुणी असल्याने वाद गोड शब्दांत होऊन परवाचा दिवस हातचा जाणार, हे मंदाकिनीला स्पष्ट दिसलं.  ती खुर्चीतून उठली.

"अहो, एक विचारू?" मंदाकिनी म्हणाली. "या पाइपावरच्या बर्फाचा गाभा कुठे असतो?"

मुकुल कसनुसा हसला. इतकी वर्षं बर्फवाल्याच्या घरात काढून आईने असा प्रश्न विचारावा, तोही पाहुण्यांसमोर.

"पाइपावरच्या बर्फाला कसला आलाय गाभा?" भाऊ म्हणाले. "गार तर पाइपच आहे. पाइपापासून धरतो आणि बाहेर वाढत जातो. मधे पाणी राहील कुठून, मधे तर..."

ते थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं.

"आणि यांची सुई कुठे असणार?" मंदाकिनीने विचारलं.

रुचिताला यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे तिने साधेपणाने उत्तर दिलं. सुई गाठीच्या आत मधोमध जाणार, गरज वाटली तर दोन सुया. बर्फ सुईपासून धरणार आणि गोळा बाहेर फुगत जाणार, गाठीच्या कडेच्याही थोडा पलीकडे. त्याची कड सीटीवर दिसते, म्हणून तर तिला ही पद्धत आवडते. मग तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि आपण काय चुकीचं बोललो, असं विचारलं.

नीलने कपाळावर हात मारला. "रोज हा पाइप मी खरवडतो, भाऊ. रोज." मुकुल चष्मा पुसायला लागला. गोठणं म्हटलं की या चारही जणांच्या डोळ्यांसमोर लादीच आली होती. दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी "गाठ गोठवू" एवढं सांगितलं आणि बाकीचं समेळांनी आपल्या पदरचं भरलं. जिला बर्फातलं काही कळत नाही तिलाच तेवढा पाइप पाइपासारखा दिसला.

पण भाऊ असे सहज हार मानणारे नव्हते. ते पाइपाकडे बोट दाखवून म्हणाले की गाभ्याचं राहू द्या, परत गोठवण्याचं काय. पूजेत अर्धवट वितळलेला बर्फ आता पुन्हा धरायला लागला होता.

"याचं काय होतं, काका?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाया जातो. वितळून परत गोठला की आतून तडे जातात, एकसंध राहत नाही. नुसता ठोकला तरी फुटतो. विकायच्या लायकीचा उरत नाही."

"मला कुठे विकायचाय," रुचिता म्हणाली. "मला तो फोडायचाच आहे. गाठीतली एकेक पेशी अशीच फुटली पाहिजे. एकदा गोठवून काही टिकतील, म्हणून तर दुसऱ्यांदा."

भाऊंनी पाइपाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, मग टोपी काढून हातात घेतली. "म्हणजे आम्ही जन्मभर जे टाळलं, तेच तुम्ही मुद्दाम करणार."

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि प्रसाद द्यायला सांगून आतल्या ऑफिसात निघून गेले.

मंदाकिनी मागोमाग गेली. ते खुर्चीत बसले नव्हते, खिडकीशी उभे होते. बाहेर अक्षदा डॉक्टरांना आग्रह करकरून बिरडं वाढत होती. मुकुल सुईच्या जाडीविषयी बारीक चौकशी करत होता आणि आपण पहिल्यापासून याच बाजूचे होतो असं भासवत होता. नील त्याला ते भासवू देत नव्हता.

"तुला कसं सुचलं?" भाऊंनी विचारलं.

"माझ्या डोक्यावर थेंब पडला म्हणून."

ते हसले नाहीत. खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "मंदा, गाभ्याचं एक निमित्त होतं गं. म्हणजे तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. पण ते सापडल्यावर मला केवढं बरं वाटलं सांगू. आता नाही म्हणायला कारण मिळालं, असं झालं. मला भीती वाटते. सुईची नाही. आत गेलो आणि परत आलो नाही तर, त्याची."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बायपासच्या वेळीही ते स्ट्रेचरवरून नीलला डिझेल भरून ठेवायला सांगत आत गेले होते. तिला रडू आलं. ते तिने आवरलं नाही.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात ना मघाशी, तेव्हा जास्त वाटली. सुई टोचून घेतलेला नवरा मला चालेल. थांबून राहिलेला नको."

त्यांनी तिचा हात धरला. त्यांचा हात नेहमीप्रमाणे गार होता आणि तिने तो आज झटकला नाही.

दसऱ्याला त्यांनी सगळ्यांना आपट्याची पानं वाटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खातापिता, तिन्ही मुलांच्या तीन गाड्यांपैकी कुणाच्या गाडीत बसायचं हा तंटा न सोडवता रिक्षाने हॉस्पिटलात गेले. मंदाकिनी रिक्षात शेजारी होती.

त्यांना पूर्ण झोपवलं नव्हतं, नुसती गुंगी दिली होती. डॉक्टर नंतर सांगत होत्या की बर्फाचा गोळा स्क्रीनवर काळ्या डागासारखा वाढायला लागला तेव्हा काकांनी मान वळवली आणि डाव्या बाजूची कड पातळ आहे म्हणून सूचना केली. ती पातळ नव्हती. "मी म्हटलं, काका, डोळे मिटा, इथली मालकीण मी आहे. तर म्हणाले, हे आमच्या बायकोने मला कालपरवाच शिकवलंय, आणि खरंच डोळे मिटले." गाठ चहूबाजूंनी गोठली होती, कडेला ठरवलेलं अंतरही मिळालं होतं, पित्ताशयाला धक्का नव्हता. पुढचा स्कॅन व्हायचा होता आणि खरं काय ते तोच सांगणार होता. पण आज जे करायचं ते मनासारखं झालं, असं डॉक्टर म्हणाल्या आणि मंदाकिनीच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या पेशंटकडे गेल्या.

संध्याकाळी मंदाकिनी चहाचा थर्मास घेऊन खोलीशी आली तर आतून आवाज येत होते. बरगडीखाली एवढीशी पट्टी लावलेले भाऊ उशीला टेकून बसले होते आणि भोवती तिन्ही मुलं होती. उद्या त्यांना घरी कुणी न्यायचं यावरून सुरुवात झाली असणार. मुकुल म्हणे, माझ्याकडे लिफ्ट आहे. अक्षदा म्हणे, तुझ्याकडे लिफ्ट आहे पण माणूस कुठे आहे घरात. नीलचं म्हणणं, त्यांना त्यांचं घर आहे. तिथून गाडी केव्हाच पुढे गेली होती. मुकुलला मे महिन्यात सगळ्यांना हिमाचलला न्यायचं होतं. नील म्हणत होता, मे महिना म्हणजे बर्फाचा ऐन धंदा, भाऊ तेव्हा हलूच शकत नाहीत. अक्षदा म्हणाली, बर्फ बघायला हिमाचलपर्यंत जायची अक्कल मुकुललाच सुचू शकते. आणि भाऊ आवाज चढवून सांगत होते की मे महिन्यात आपण नवीन डबे टाकणार आहोत, तेव्हा कुणी कुठे जायचं नाही.

नर्स लगबगीने आली. बाकीच्या पेशंटांना त्रास होतोय, आत जाऊन सांगू का, असं तिने विचारलं.

"थोडं थांबा हो, बाई," मंदाकिनी म्हणाली. महिनाभर घरात कुणी दिवाळीच्या पुढचा एक शब्द काढला नव्हता. लग्नाची आमंत्रणं आली तरी तारीख न वाचता कपाटावर ठेवली जात होती. तिने थर्मास खाली ठेवला, दाराला खांदा टेकला आणि मे महिन्यावरून चाललेलं ते भांडण पोटभर ऐकलं.